ब्रॅम फिशर: जामीन मोडणं हा विश्वासघात नव्हता का?

काळा कोट (धागाकर्ता)

रिव्होनिया खटल्यात मंडेलांना फाशीपासून वाचवणारा वकील म्हणून ब्रॅम फिशरचं नाव निघतं आणि पुढचं सगळं हात जोडूनच सांगितलं जातं. मी स्वतः वकिली करतो. त्या भक्तीत मला एक कुसळ खुपतं, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९०८, दक्षिण आफ्रिकेतलं ब्लूमफाँटेन. आजोबा अब्राहम फिशर ऑरेंज रिव्हर कॉलनीचे पंतप्रधान, वडील पर्सी तिथल्या न्यायालयाचे प्रमुख न्यायाधीश. स्वतः ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला. बायको मॉली क्रीग, ती माजी पंतप्रधान यान स्मट्सच्या पत्नीच्या नात्यातली. आफ्रिकानर, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्यांच्या, समाजात याहून वरचं घराणं शोधायला कष्ट पडतील. आणि असा हा माणूस कम्युनिस्ट. दिवसा खाणींच्या कायद्यातला नावाजलेला वकील, संध्याकाळी १९५० पासून बेकायदा ठरलेल्या पक्षाच्या बैठका.

सप्टेंबर १९६४ मध्ये त्याच पक्षाच्या सभासदत्वावरून अटक झाली. पण लंडनला प्रिव्ही कौन्सिल या अपील न्यायालयापुढे त्याचा एक मोठा व्यापारी खटला होता. हा माझा देश आहे, मी तो सोडणार नाही, असं त्याने कोर्टाला सांगितलं. कोर्टाने विश्वास ठेवला आणि १०,००० रँडच्या जामिनावर सोडलं. तो गेला, युक्तिवाद केला, परत आला. मग २५ जानेवारी १९६५ ला खटला चालू असताना आलाच नाही. त्याचे वकील हॅरल्ड हॅन्सन यांच्या हाती फक्त एक पत्र होतं.

माझा मुद्दा हा. १९५४ मध्ये मंडेलांचं नाव वकिलांच्या यादीतून काढा म्हणून ट्रान्सवालची लॉ सोसायटी कोर्टात गेली होती. कोर्टाने नकार दिला, कारण कायदेभंगाच्या चळवळीत शिक्षा होणं म्हणजे अप्रामाणिकपणा नव्हे. वर्णभेदाच्या राज्यातलं ते कोर्ट, तरी एवढं शहाणपण त्याच्यात होतं. फिशरची गोष्ट वेगळी आहे. त्याने वाईट कायदा मोडला म्हणून माझी तक्रार नाही. त्याने कोर्टाला दिलेला शब्द मोडला. वकिलाकडे त्या शब्दापलीकडे असतं काय? १९६५ ला त्याची सनद गेली ती मला योग्यच वाटते.

पायवाट

शब्द काय दिला होता ते तुम्हीच वर लिहिलंय: देश सोडणार नाही. त्याने देश सोडला का? ज्याला पळायचं होतं त्याला लंडनमध्ये कुणी अडवलं होतं? परत जाऊ नकोस म्हणून तिथल्या मित्रांनी गळ घातली होती. तुरुंग समोर दिसत असताना हा गृहस्थ विमानात बसून परत आला. नंतर भूमिगत झाला तोही जोहान्सबर्गमध्येच.

त्या पत्राचा गाभाही तुम्ही गाळलात. शिक्षेच्या भीतीने जात नाही, न्यायालयाचा अपमान करायचा नाही, पण या राजवटीच्या खऱ्या विरोधकाने देशात राहून जमेल तितकं लढायला हवं, असं त्यात आहे. पत्र पाठवून फरार होणारे आरोपी तुमच्या वकिलीत किती पाहिलेत?

काळा कोट

पत्र पाठवणारा एकही पाहिला नाही, हे कबूल. पण हा शब्दांचा कीस झाला. जामिनाची अट देशात राहण्याची नसते, तारखेला हजर राहण्याची असते. त्याने आपला बाक रिकामा ठेवला आणि सोबतचे आरोपी तिथेच बसून राहिले. त्यांचा खटला चालला, शिक्षा झाल्या. त्यांनी उद्या जामीन मागितला असता तर न्यायाधीशाला आधी कोण आठवलं असतं?

तिखटमीठ

तुमची दोघांची भांडणं वकिली आहेत. मला मूळ जामिनाचंच नवल वाटतं. १९६३ च्या कायद्याने पोलीस कुणालाही खटल्याशिवाय ९० दिवस डांबू शकत होते. कितीतरी काळे कार्यकर्ते त्यात पिचले. आणि याला कोर्ट म्हणतं, जा बाबा लंडनला, काम उरकून ये! कुठल्या काळ्या आरोपीला असा जामीन मिळाला असता? आजोबा पंतप्रधान असल्याशिवाय हे होत नाही.

जोहान्सबर्गच्या गोऱ्या वस्तीत बंगला, बंगल्यात पोहण्याचा तलाव. त्या तलावात काळी-गोरी मुलं एकत्र पोहायची म्हणून कौतुक होतं. असेल. पण तलाव कुणाचा होता? १९६० च्या आणीबाणीत अटक झाली ती मॉलीला, ब्रॅम बाहेर. शेवटी जन्मठेप झाली तेव्हाही मंडेला रॉबेन बेटावर आणि हे प्रिटोरियात, गोऱ्यांच्या तुरुंगात. क्रांतीसुद्धा घरंदाज.

उंबरठा

तिखटमीठ, शेवटचं वाक्य टाळ्यांचं आहे, पण तुरुंगाची निवड कैदी करत नव्हता हो. रिव्होनिया खटल्यातले आरोपी डेनिस गोल्डबर्गही गोरे म्हणून प्रिटोरियातच होते. तिथे या घरंदाज माणसाच्या वाट्याला काय आलं तेही सांगा ना. पहारेकरी बहुतेक आफ्रिकानर. त्यांच्या लेखी इतर कैदी नुसते शत्रू होते, फिशर हा घरभेदी. त्याला मुद्दाम संडास घासायला लावत. १९७१ मध्ये मुलगा पॉल वारला, बापाला अंत्यविधीला जाऊ दिलं नाही. घराण्याचं कवच १९६६ नंतर कुठे गेलं होतं?

आणि विशेषाधिकाराची जाणीव त्याला तुमच्याआधी झाली होती. १९६६ च्या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यातून त्याने एक गोष्ट सांगितली. लहानपणी शेतावर त्याचे खेळगडी दोन काळे मुलगे होते. मोठेपणी एका बैठकीत एका काळ्या माणसाशी हात मिळवायची वेळ आली आणि त्याला शिसारी आली. मग त्याने स्वतःला विचारलं, बदललं कोण? ते लहानपणचे मित्र की मी? जन्मठेप समोर असताना माणूस आपल्या मनातली ही घाण भर कोर्टात उघडी करतो. मला तो युक्तिवाद वाटत नाही, कबुलीजबाब वाटतो.

तिखटमीठ

शिसारीची गोष्ट माहीत नव्हती. ती खरंच चटका लावते. तलावाचं माझं म्हणणं तरीही कायम.

जुनी छत्री

कुणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. १९३२ ला विद्यार्थी असताना सोव्हिएत रशिया पाहून आला आणि भारावला, ठीक आहे, तेव्हा भले भले भारावले होते. पण १९५६ ला हंगेरीत रणगाडे शिरले तेव्हा जगभर माणसं पक्ष सोडत होती. हा राहिला. पुढे सोव्हिएत सरकारचा लेनिन शांतता पुरस्कारही मिळाला. माणसाच्या स्वातंत्र्याचा कळवळा देशाच्या उत्तर सीमेवरच्या लिम्पोपो नदीच्या अलीकडेच संपत होता का?

पायवाट

छत्रीकाका, हा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे याचं समाधानकारक उत्तर नाही. एवढंच म्हणेन की त्या काळात त्या देशात काळ्या माणसासोबत एका टेबलाशी, बरोबरीने गोऱ्यांना बसवणारा पक्ष जवळपास तेवढाच होता. बुडापेस्टकडे पाहून तो सोडायचा, तर जायचं कुठे?

जुनी छत्री

घरी. पुष्कळ लोक गेले.

उंबरठा

आता मूळ विषयावर येते. काळा कोट, रिव्होनियाच्या वेळी काय झालं हे तुम्ही लिहिलं नाहीत, आणि मला वाटतं खरी गंमत तिथे आहे. लिलीजलीफच्या ज्या शेतावर, मंडेलांच्या साथीदारांच्या गुप्त अड्ड्यावर, धाड पडली, तिथे फिशर स्वतः जात असे. जप्त कागदांत त्याच्या हातचे कागद होते. बचावाचं नेतृत्व घ्यायला तो कचरत होता तो यामुळेच. सुरुवातीला शेतावरचे नोकर साक्षीला येणार होते, त्यांनी साहेबांकडे बोट दाखवलं असतं तर? म्हणून त्या दिवसांत तो कोर्टात आलाच नाही.

काळा कोट

बरं झालं तुम्ही काढलंत. मी हे मुद्दाम गाळलं नव्हतं, दुसऱ्या धाग्याचा ऐवज म्हणून ठेवलं होतं. हे तर जामिनापेक्षा वाईट! जो वकील स्वतः कटात आहे तो आरोपींचं वकीलपत्र घेतो? माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात सांगतो, अशिलाच्या होडीत पाय ठेवू नका, काठावरून दोर टाका. याचे दोन्ही पाय होडीत. साक्षीदार ओळखेल म्हणून वकील गैरहजर राहतो, हे जगातल्या कुठल्याही बारला, म्हणजे वकिलांच्या संघटनेला, मान्य होणार नाही.

उंबरठा

मान्य होणार नाहीच. पण नियम कशासाठी आहे तेही सांगा. अशिलाचा घात होऊ नये म्हणून. इथे अशिलाचा घात झाला का? बचाव पक्षाने मंडेला वगैरेंनी केलेली घातपाताची तयारी नाकारली नाही. लढाई एकाच ठिकाणी लढली: शेतावर सापडलेला गनिमी युद्धाचा आराखडा चर्चेत होता, मंजूर झाला नव्हता. न्यायमूर्ती डी वेट यांनी ते मानलं. फाशी टळायला त्याचा हातभार किती हे ज्याने त्याने ठरवावं, माझ्या मते बराच. मंडेलांच्या निवेदनातला मरणाची तयारी असल्याचा शेवटचा परिच्छेद वाचू नका म्हणून फिशर अक्षरशः विनवत होता. मंडेलांनी ऐकलं नाही. पण वकील म्हणून त्याने सांगितलं ते अशिलाचा जीव वाचवणारंच होतं. होडीत दोन्ही पाय असूनही.

आणि १२ जून १९६४ ला जन्मठेप जाहीर झाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी केपटाऊनच्या वाटेवर गाडी पाण्यात गेली आणि मॉली बुडाली. गाडी ब्रॅम चालवत होता. तीन महिन्यांत अटक. पुढच्या निर्णयांकडे पाहताना एवढं तरी लक्षात असू द्या.

काळा कोट

ते लक्षात आहे. मॉलीच्या मृत्यूचं वाचल्यावर मी दोन दिवस हा धागा लिहिला नव्हता. पण दुःखाने शब्द सुटत नाही. शिवाय मिळवलं काय? केस रंगवले, दाढी वाढवली, वजन उतरवलं, डग्लस ब्लॅक नाव घेतलं, आणि ११ नोव्हेंबर १९६५ ला पकडला गेला. साडेनऊ महिने. संघटना आधीच मोडली होती, त्याला ती उभी करता आली नाही. तोलून पाहिलं तर हाती काय लागलं?

पायवाट

हिशोब संघटनेचा करत असाल तर शून्य. पण तो बोलत होता कुणाशी ते बघा. पिंजऱ्यातल्या भाषणाचा शेवट त्याने पॉल क्रूगरच्या वाक्यांनी केला. बोअरांचा, म्हणजे आफ्रिकानरांचा, तो राष्ट्रपुरुष. इंग्रजांविरुद्ध ज्या शब्दांनी तुमचे आजोबा पेटले तेच शब्द तुम्हाला आज परत देतो, असा तो डाव होता. हे म्हणायला आजोबा पंतप्रधानच लागतात. तिखटमीठ म्हणतात ते घराणं त्याने इथे खर्ची घातलं.

आणि सनदेबद्दल. बारने अर्ज केला तेव्हा फिशर अजून भूमिगत होता, मूळ आरोपांचा निकाल लागायचा होता. बारला एवढी घाई कसली होती? सरकारने केलेला अपमान त्याला सहज गिळता आला असता. सहकाऱ्यांनी केलेला त्याला लागला.

काळा कोट

घाईबद्दल सहमत. ते मलाही खटकतं. बारने थांबायला हवं होतं.

उंबरठा

एक राहिलंच. मेलेल्या वकिलाची सनद परत देण्याची तरतूदच नव्हती. त्यासाठी २००२ मध्ये खास कायदा करावा लागला आणि २००३ मध्ये फिशरचं नाव यादीत परत आलं.

काळा कोट

माहीत आहे. त्यावर माझं म्हणणं, संसदेने दिलेला तो सन्मान आहे आणि तो द्यायलाच हवा होता. पण १९६५ चा प्रश्न त्याने पुसला जात नाही.

तिखटमीठ

तुम्ही आता हरलेल्या खटल्यात अपील करताय.

काळा कोट

सवय आहे हो.

एक वाचलेलं सांगतो. १९७५ मध्ये कर्करोगाने आजारी फिशरला भावाच्या घरी ब्लूमफाँटेनला हलवलं तेव्हा त्या घरालाच कागदोपत्री तुरुंग घोषित केलं होतं. ८ मे ला तो गेला. दहनानंतर अस्थी परत द्या, त्या तुरुंग खात्याच्या आहेत, अशी अट घरच्यांना घातली होती. राखेलाही जामीन नाही. ज्या व्यवस्थेला दिलेला शब्द त्याने मोडला असं मी म्हणतोय ती ही.

तरी मत बदललेलं नाही. शीर्षकातला एक शब्द मात्र बदलायला संपादकांना विनंती केली आहे: ‘विश्वासघात’ काढून ‘शब्दभंग’ करा. विश्वासघाताला लपवाछपवी लागते, आणि त्याने तर पत्र लिहून कळवलं होतं.