नामवंतांच्या प्रेमावर फुटबॉल क्लब जगत नाही. तुम्हाला काय वाटतं?

उजवा_बॅक (धागा सुरू करणारा)

गेल्या रविवारी सकाळी आमच्या मैदानावर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा नवा आला. अंगात मँचेस्टर सिटीची आकाशी जर्सी, नवी कोरी. पायात मात्र शाळेचे पांढरे कॅनव्हास, डाव्या बुटाचा तळवा पुढून सुटलेला, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ओढून बसवलेली. पळताना ती पट्टी दर दहा पावलांनी वर सरकायची आणि तो वाकून खाली ओढायचा. विचारलं, सिटीच का रे? म्हणाला, "दादा ओॲसिस ऐकतो. त्या बँडवाल्या भावांचा क्लब आहे." मग विचारलं, इंदूरमधला कुठला संघ पाहिलास? तो माझ्याकडे बघतच राहिला. "इंदूरमध्ये संघ आहेत?"

आहेत. सतरा वर्षं मी त्यातल्याच एकात खेळलो, आता पोरांना शिकवतो. आमच्या सामन्याला बघायला येतात ते राखीव खेळाडू आणि कुणाचे तरी वडील.

माझं म्हणणं सरळ आहे. गायक, नट, क्रिकेटपटू एखाद्या क्लबचा झेंडा हातात घेतात तेव्हा फायदा त्या झेंड्याचा होतो, खेळाचा होत नाही. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हाचा थाट आठवा. केरळकडे सचिन, कोलकात्याकडे गांगुली, मुंबईकडे रणबीर, चेन्नईकडे अभिषेक बच्चन, पुण्याकडे हृतिक, ईशान्येकडे जॉन अब्राहम, गोव्याकडे कोहली. वाटलं होतं, आता या देशात फुटबॉलचे दिवस आले. 2018 मध्ये सचिनने आपला हिस्सा विकला. त्याच्या 'मास्टर ब्लास्टर' या बिरुदावरून पडलेलं 'ब्लास्टर्स' हे नाव तेवढं मागे राहिलं. 2019 मध्ये पुण्याचा क्लबच मिटला. आणि जुलै 2025 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्या कराराचा तिढा पडून अख्खा हंगाम लांबला, खेळाडूंचे पगार अडले, तेव्हा इतक्या चेहऱ्यांचं वलय कुणाच्या उपयोगी पडलं?

आपण इंदूरकर आहोत, राजाश्रय म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको. होळकरांनी सी. के. नायडूंना आणून संघ उभा केला, चार वेळा रणजी जिंकली. आश्रय आटला आणि 1954-55 नंतर होळकर हा संघच राहिला नाही. त्यांचं नाव आज स्टेडियमवर आहे. खेळाला लोकाश्रय लागतो, चेहरा लागत नाही.

रामबागकर

दादा, तळमळ पोचली, पण निष्कर्ष पटला नाही. इंग्लंडमधल्या वॉटफर्ड क्लबचं उदाहरण तुम्ही सोडूनच दिलंत.

गायक एल्टन जॉन लहानपणी वडिलांचं बोट धरून त्या मैदानावर जायचा. त्याचा चुलतभाऊ रॉय ड्वाइट याने 1959 च्या एफए कप फायनलमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून गोल केला आणि त्याच सामन्यात पाय मोडून घेतला. म्हणजे फुटबॉल घरात होता. 1974 मध्ये क्लबच्या तिजोरीसाठी त्याने त्याच मैदानावर कार्यक्रम केला आणि 1976 मध्ये अध्यक्ष झाला तेव्हा वॉटफर्ड चौथ्या श्रेणीत होतं. पुढच्याच वर्षी लिंकन सिटीकडून ग्रॅहम टेलर नावाचा तरुण प्रशिक्षक आणला आणि संघ त्याच्या हाती सोपवला. 1978, 1979, 1982, अशा तीन बढत्या. 1982-83 ला पहिल्या श्रेणीत लिव्हरपूलच्या खालोखाल दुसरा नंबर. 1984 मध्ये एफए कपची फायनल. एव्हर्टनकडून 2-0 हरले, पण सामन्याआधीची प्रार्थना चालू असताना स्टँडमध्ये रडणारा एल्टन जॉन अख्ख्या इंग्लंडने टीव्हीवर पाहिला. हा माणूस झेंडा मिरवत होता असं म्हणाल?

उजवा_बॅक

नाही म्हणणार. पण रामबागकर, पुढची पानंही उलटा. 1987 मध्ये टेलर ॲस्टन व्हिलाला गेला, त्याच वर्षी एल्टन जॉनने क्लब विकला आणि 1988 मध्ये वॉटफर्ड खाली घसरलं. एका माणसाच्या खांद्यावर घर उभं होतं, खांदा काढला आणि घर बसलं. मी होळकर संघाचं म्हणालो ते हेच.

रामबागकर

आणि त्याच्याही पुढचं पान? 1997 मध्ये तो परत आला. टेलर पुन्हा प्रशिक्षक झाला, लागोपाठ दोन बढत्या, 1999 मध्ये प्रीमियर लीग. खांदा काढला हे खरं, पण दहा वर्षांनी तोच खांदा परत लावला. होळकरांच्या बाबतीत राज्यच विलीन झालं होतं, त्यांनी मन काढून घेतलं नव्हतं. दोन्ही गोष्टी एका तागडीत घालू नका.

बालेवाडीची_पायरी

मी मूळचा इंदूरचा, पण 2014 ते 2019 पुण्यात नोकरीला होतो. बालेवाडीच्या स्टेडियमवर सामने बघितलेत, म्हणून लिहितो.

पहिल्या हंगामात लोक हृतिक दिसेल म्हणून यायचे. तो दिसला की स्टँडमधले सगळे मोबाईल मैदानाकडे पाठ करून वर वळायचे. खाली कॉर्नर घेतला जात असायचा. मला त्याचा राग यायचा, आजही येतो. पुढे अर्जुन कपूरचं नाव आलं. 2017-18 ला संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेला, तेव्हा स्टँडमध्ये जी चारचौघं घसा बसेपर्यंत ओरडत होती ती फुटबॉलची माणसं होती. संघ जमायला चार हंगाम लागले. पाचव्यानंतर क्लबच नव्हता, त्याची जागा हैदराबादने घेतली.

उजवा_बॅक, मी तुमच्या बाजूचा आहे. नटाला बघायला आलेला माणूस नट गेला की जातो.

सुदामानगरची_आई

नमस्कार. मी फुटबॉलची जाणकार नाही. माझी मुलगी खेळते आणि ती कशी खेळायला लागली ते सांगते.

तिला एड शीरनची गाणी आवडायची. एकदा तिने त्याचा फोटो पाहिला, निळ्या जर्सीतला. ही कुठली जर्सी म्हणून शोधायला गेली तर इप्सविच टाऊन. तो लहानाचा मोठा त्या भागात झाला. 2021 मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत अडकला होता तेव्हा त्याने जर्सीचं प्रायोजकत्व घेतलं, आणि मुलीला भावलं ते हे की पुरुषांच्या आणि बायकांच्या, दोन्ही संघांच्या जर्सीवर एकच खूण. "आई, बायकांचा संघ असतो?" हा प्रश्न तिने मला त्या दिवशी विचारला. तोवर तिला माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही. पुढच्या महिन्यात तिने क्लास लावला. इप्सविच 2024 मध्ये बावीस वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये गेला आणि वर्षभरात परत खाली आला, तरी तिची जर्सी तीच आहे.

दादा, तुमच्या मैदानावर तो मुलगा आला कशामुळे? त्या दोन भावांमुळेच ना? त्याला इंदूरचे संघ माहीत नव्हते ही चूक गाणाऱ्यांची कशी? आम्हाला सामना कधी, कुठे हे कळत नाही. तुमच्या सामन्याचा बोर्ड मी आजवर कुठे पाहिला नाही. कीर्तन असलं तरी आठ दिवस आधी फलक लागतो.

उजवा_बॅक

ताई, बोर्डाचं म्हणणं मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मिडफील्डला_मोकळा

ओॲसिसवाल्यांना मात्र यात ओढू नका. नोएल आणि लियम हे दोघे भाऊ सिटीचे आहेत ते मँचेस्टरच्या बर्नेज भागात वाढले म्हणून. एप्रिल 1996 मध्ये सिटीच्या मेन रोड मैदानावर त्यांचे दोन कार्यक्रम झाले, तुडुंब. जगातला तेव्हाचा सर्वांत गाजणारा बँड. आणि आठच दिवसांनी, 5 मे रोजी, त्याच मैदानावर लिव्हरपूलशी 2-2 बरोबरी होऊन सिटी प्रीमियर लीगमधून बाहेर. दोन वर्षांनी तर थेट तिसऱ्या श्रेणीत. अबू धाबीचा पैसा आला 2008 मध्ये. त्या मधल्या काळात जगप्रसिद्ध असूनही या क्लबचं नाव अभिमानाने घेत राहणं याला मी निष्ठा म्हणतो. 1999 मध्ये वेम्बलीवर बढतीच्या सामन्यात जिलिंगहॅमविरुद्ध 2-0 ने मागे पडल्यावर, नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत डिकॉव्हचा बरोबरीचा गोल आला, तो सामना ज्यांनी अनुभवलाय त्यांना आजच्या ट्रॉफ्यांची किंमत कळते. त्या मुलाला हे सांगा. जर्सी काढायला लावू नका.

महूवाला

मला या चर्चेत एक गल्लत दिसते. मालक आणि चाहता यांना आपण एकाच रांगेत उभं केलंय.

महूला पलटणींमुळे फुटबॉल मुरलेला. माझे वडील छावणीत नोकरीला होते, शेजारी बंगाली कुटुंब. त्यांच्याकडून लहानपणी ऐकलेली गोष्ट सांगतो. सचिनदेव बर्मन ईस्ट बंगालचे कट्टर. 1975 मध्ये ते आजारी, शुद्ध हरपलेली. 30 सप्टेंबरला आयएफए शील्डच्या फायनलमध्ये ईस्ट बंगालने मोहन बागानला पाच-शून्य हरवलं. असं सांगतात की पंचमने वडिलांच्या कानाशी जाऊन तो निकाल सांगितला आणि त्यांनी डोळे उघडले. महिन्याभरात, 31 ऑक्टोबरला, ते गेले.

शेजारचे काका ही गोष्ट सांगताना दर वेळी "पाच-शून्य"वर थांबायचे, हाताची पाचही बोटं आमच्यासमोर धरायचे. ते स्वतः मोहन बागानचे होते. ज्या सामन्याने त्यांचं नाक कापलं तोच ते डोळ्यांत पाणी आणून सांगायचे, कारण सचिनदांचं प्रेम त्यांना कळत होतं.

बर्मनदांकडे ईस्ट बंगालचा एक शेअर नव्हता. त्यांच्या नावावर तिकिटं खपत नव्हती. त्यांनी क्लबला काय दिलं असा हिशोब करायचाच तर काहीच नाही. पण कोलकात्यात रिक्षावाला आणि संगीतकार एकाच निकालावर जेवायचे की उपाशी झोपायचे हे ठरवत. उजवा_बॅक, तुम्ही म्हणता तो लोकाश्रय हाच, आणि त्यात नामवंतही आले. फक्त ते लोकांमधले एक होऊन आले.

उजवा_बॅक

महूवाला, ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. मालक आणि चाहता हा फरक मी करायला हवा होता. माझी तक्रार पहिल्याबद्दल आहे.

बालेवाडीची_पायरी

पण पहिल्यांतही सगळे सारखे नाहीत हे मलाही मान्य करावं लागेल. जॉन अब्राहमचा नॉर्थईस्ट युनायटेड घ्या. 2014 पासून दहा वर्षं एकही मोठा चषक नाही, किती हंगाम तळाशी गेले. तो टिकला. 2024 मध्ये कोलकात्यात, मोहन बागानच्या घरच्या मैदानावर, 2-0 ची पिछाडी भरून काढून पेनल्टीवर ड्युरंड कप नेला, आणि 2025 मध्ये परत जिंकला. दहा वर्षं हरणारा संघ सांभाळणाऱ्याला हौशी म्हणता येत नाही.

मिडफील्डला_मोकळा

रेक्सहॅमही तसंच. दोन नटांनी फेब्रुवारी 2021 मध्ये पाचव्या श्रेणीतला क्लब घेतला आणि 2023, 24, 25 अशा सलग तीन बढत्या. पण त्याआधी दहा वर्षं तो क्लब चाहत्यांच्या ट्रस्टने जगवला होता, आणि नटांना तो द्यायचा की नाही यावर सभासदांनी मतदान केलं. लोकाश्रयाने राजाश्रय निवडला, असंच ते झालं.

रामबागकर

एक आपल्या गावचं सांगून थांबतो. 1983 चा विश्वचषक जिंकून आलेल्या खेळाडूंना बक्षीस द्यायला क्रिकेट बोर्डाकडे पैसे नव्हते. आपल्या शीख मोहल्ल्यात जन्मलेल्या लतादीदी दिल्लीत एक पैसा न घेता गायल्या आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. त्या कुठल्या संघाच्या मालक नव्हत्या. क्रिकेट जिवापाड आवडायचं, एवढंच. नामवंताचं प्रेम खेळाच्या उपयोगी पडत नाही, हे इंदूरकराने तरी म्हणू नये.

उजवा_बॅक

दीदींचं उदाहरण शिरसावंद्य. पण रामबागकर, त्या 1983 नंतर गायल्या. कप आधी आला होता. आमच्याकडे कप नाही, चुना मारलेली रेषा नाही, एका गोलला जाळी नाही. शहडोलच्या विचारपूरचं बघा. तिथली पोरं कित्येक वर्षं खेळत होती, 2023 मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवर नाव घेतलं तेव्हा देशाला कळलं, पुढे जर्मनीतला प्रशिक्षकही त्यांना शिकवायला तयार झाला. आनंदच आहे. पण आधीची वर्षं त्या गावाने आणि तिथल्या शिकवणाऱ्यांनी ओढून नेली. त्या वर्षांत कुणी बघायला नव्हतं, आणि खेळ त्याच वर्षांत घडतो. या मुद्द्यावरून मी हटणार नाही.

सुदामानगरची_आई

मग त्या वर्षांत कुणीतरी बघायला यावं, एवढंच ना? पुढचा सामना कधी आहे?

उजवा_बॅक

रविवारी, सकाळी सात. चौदा वर्षांखालच्यांचा. तो आकाशी जर्सीवाला उजव्या बॅकला खेळणार आहे. बूट माझ्या पुतण्याचे दिलेत, अर्धा नंबर मोठे आहेत, पुढे कापूस कोंबलाय.

सुदामानगरची_आई

मुलीला घेऊन येते. तिच्या जर्सीवर इप्सविच आहे, चालेल ना?

महूवाला

मी पहाटेची गाडी पकडतो. जाळी आमच्याकडे एक जादा आहे, दोन ठिकाणी गाठी मारलेली. आणू का?