लढाई लागली की आमचीच पोरं का?

खानापूरकर
मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूर सुरू झालं तेव्हा आमच्या गल्लीतला सुट्टीवर आलेला जवान फोन आल्याबरोबर बॅग भरून निघाला. घरात बहिणीच्या लग्नाची गडबड होती. त्याच आठवड्यात आमच्याकडचे एक पुढारी ‘आता थांबायचं नाही, घुसून मारायचं’ म्हणून भाषण ठोकत होते. त्यांचा मुलगा डोनेशन भरून मेडिकलला.

पहाटे आमच्या रस्त्यावर येऊन बघा. लष्कर भरतीसाठी 1,600 मीटर साडेपाच मिनिटांत बसवायला पोरं जीव तोडून पळत असतात. दोन झाडांच्या मध्ये लोखंडी पाइप बांधलाय, त्यावर बीम मारतात, म्हणजे लोंबकळून अंग वर उचलतात, कारण दहा निघाले तरच पूर्ण 40 मार्क. त्या घोळक्यात कारखानदाराचा, आमदाराचा, बड्या ठेकेदाराचा पोरगा मी कधी बघितला नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच आहे, म्हणजे त्यांना लांबही जायचं नाही!

2018 मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने सुचवलं होतं की, थेट राजपत्रित नोकरी पाहिजे असेल तर आधी पाच वर्षं लष्करात काढा. ते करा. आणि युद्धाची भाषा करणाऱ्याच्या घरातला एक जण तरी गणवेशात पाहिजेच.

टिळकवाडी
दादा, राग समजतो, पण उपाय उलटा बसेल. सक्ती आली की पैसेवाला वाट काढतोच. अमेरिकेच्या यादवी युद्धात 1863 च्या कायद्याने 300 डॉलर भरले की सुटका होती, किंवा आपल्या जागी दुसरा माणूस द्यायचा. युक्रेनमध्ये ऑगस्ट 2023 मध्ये सगळ्या प्रादेशिक भरतीप्रमुखांना काढावं लागलं. पैसे घेऊन लोकांना सोडत होते. देश जिवावर उदार होऊन लढत असताना ही गत, मग आपल्याकडे काय होईल?

आणि पुढाऱ्याचा मुलगा गेला म्हणून युद्ध आवरतं, हेही खरं नाही. ब्रिटनचे पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांचा थोरला मुलगा रेमंड सप्टेंबर 1916 मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत पडला. वडील तेव्हा पदावर होते. युद्ध पुढे दोन वर्षं चाललं.

पेन्शनीवरचा हवालदार
मी सतरा घाटांचं पाणी प्यालेला शिपाई आहे, म्हणून बोलतो. मोठ्या घरातले येतच नाहीत असं म्हणू नका. जयपूरच्या राजघराण्यातले भवानी सिंह 1971 ला ‘10 पॅरा’ ही कमांडो पलटण घेऊन पाकिस्तानातल्या छाछरोपर्यंत आत घुसले, महावीर चक्र मिळालं. पतियाळाचे अमरिंदर सिंग राजीनामा देऊन घरी गेले होते, 1965 ला लढाई लागल्यावर परत हजर झाले. त्यांना कुणी बळजबरी केली नव्हती. ज्याला यायचंच नाही असा माणूस रात्री पोस्टवर माझ्या शेजारी नको. त्याच्या एका झोपेपायी अख्खी सेक्शन, म्हणजे सगळी तुकडी जाते.

खानापूरकर
काका, तुमच्या शब्दाला मान आहे. पण ती नावं 1965 आणि 1971 ची. आजची सांगा की! आमच्या जिल्ह्यातल्या सत्तेतल्या घरांतली सांगा. दक्षिण कोरियात बीटीएस या गाजलेल्या बँडच्या जिन या गायकालासुद्धा लष्करात 18 महिने काढावे लागले, जून 2024 मध्ये सुटला. सरकारने मनावर घेतलं तर होतं.

कडोलीची ताई
माझा धाकटा भाऊ अग्निवीर आहे, म्हणजे चार वर्षांसाठीच भरती झालेला शिपाई. तुमच्या वादात तो कुठंच दिसत नाही. चार वर्षांनी शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम होणार. बाकीच्यांना सेवा निधी म्हणून एकरकमी 11.71 लाख द्यायचे आणि घरी पाठवायचं. पेन्शन नाही. लढाईत काही झालं तर 48 लाखांचा विमा आहे, 44 लाखांचं सानुग्रह अनुदान आहे, पण शेजारच्या खंदकातल्या कायम शिपायाच्या घरी जशी कुटुंब पेन्शन येते तशी आमच्या आईला नाही. गोळी दोघांना एकच लागते. पुढाऱ्याचा मुलगा जाऊ दे नाहीतर राहू दे, आधी हे बोला.

टिळकवाडी
ताई, या मागणीवर माझी सही आजच घ्या. खानापूरकर दादा, पण एक सांगा. आज एका जागेमागे किती पोरं पळतात ते तुम्ही रोज बघता. सक्ती केलीत की नको असलेल्यांनी जागा भरतील, आणि पाइपला लोंबकळणारा तुमच्या गल्लीतला पोरगा बाहेर राहील. त्याला काय सांगणार?

खानापूरकर
त्याची जागा जाणार नाही अशीच योजना करा, म्हणजे राजपत्रित नोकरीवाल्यांची भरती वेगळी ठेवा. ताईंच्या मागणीला माझाही पाठिंबा. सगळ्या पक्षांचे लोक मतं मागायला येतात तेव्हा गावच्या चावडीत दोन्ही प्रश्न त्यांच्या तोंडावर विचारणार आहे: अग्निवीराच्या आईला पेन्शन कधी, आणि तुमच्या घरातला कोण भरतीला उतरतोय.