मदत हवी आहे: वायरलेस टेस्टरला एनटीपी सर्व्हर दिला, पिंगही जातं, तरी घड्याळ जुळत नाही

नमस्कार मंडळी,

एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याची पद्धत, लावूनही टेस्टरचं घड्याळ जुळत नाही आणि त्यापायी एक महत्त्वाचं काम अडून बसलं आहे. ज्यांनी असा सेटअप हाताळला आहे त्यांनी कृपया वाट दाखवावी.

सेटअप असा: बेस स्टेशनचं (मोबाइल टॉवरचं) काम करणारा एलटीई (४जी) टेस्टर, त्याला केबलने जोडलेला, बाहेरचे रेडिओ सिग्नल अडवणारा शील्ड बॉक्स आणि बॉक्समध्ये तपासायचा मॉडेम. टेस्ट चालवणारा विंडोज पीसी वेगळा आहे. टेस्टर आणि पीसी एका छोट्या स्विचवर आहेत आणि हे लॅन मुद्दाम बाहेरच्या जगापासून तोडलेलं आहे. गेटवे नाही, डीएनएस नाही, आयपी पत्ते हाताने दिलेले.

हँडओव्हरच्या (एका सेलवरून दुसऱ्या सेलवर जाण्याच्या) टेस्टमध्ये मॉडेम मधूनच कॉल सोडतो. कारण शोधायचं तर टेस्टरचा सिग्नलिंग लॉग, यूएसबीवरून पीसीवर उतरणारा मॉडेमचा लॉग आणि पीसीवरचं वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट्स टिपणारं सॉफ्टवेअर), हे तिन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात. टेस्टरचं घड्याळ पीसीच्या मागे आहे आणि हा फरक एका जागी टिकत नाही, हळूहळू वाढत जातो. म्हणजे एक ठरावीक आकडा वजा करून भागत नाही. शोधायची घडामोड मिलीसेकंदांची आणि घड्याळांतला फरक सेकंदांचा. मॉडेमकडून टेस्टरकडे जाणाऱ्या संदेशांचा लॉग लावून बघितला तर मॉडेमने पाठवण्याआधीच संदेश टेस्टरला मिळालेला दिसतो! असा लॉग मॉडेमच्या टीमकडे पाठवला की ते वेळेच्या रकान्यावरच बोट ठेवतात, आणि त्यांचं म्हणणं रास्तच आहे.

आतापर्यंत केलेलं: टेस्टरच्या सिस्टिम सेटिंगमध्ये तारीख-वेळेच्या पानावर एनटीपी चालू केलं आणि सर्व्हरच्या जागी पीसीचा आयपी टाकला. पीसीवर विंडोजची टाइम सर्व्हिस सर्व्हर म्हणून चालू केली, पीसीने स्वतःला खात्रीचा वेळ-सर्व्हर म्हणून जाहीर करावं यासाठी रजिस्ट्रीत अनाउन्स फ्लॅग्ज ५ केले, फायरवॉलमध्ये आत येणारं यूडीपी १२३ (एनटीपीचं पोर्ट) मोकळं केलं. टेस्टरवरून पीसीला पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतं का याची साधी चाचणी) व्यवस्थित जातं. तरी टेस्टरच्या स्क्रीनवर 'सिंक झालेलं नाही' हीच पाटी. टेस्टरच्या पोटात लिनक्स आहे, त्यात एनटीपीडी (एनटीपीने वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) चालू दिसतं. शेल (कमांड देण्याची खिडकी) मिळतं, पण फक्त वाचण्यापुरतं.

आणखी दोन शंका. टेस्टरच्या मागे १० मेगाहर्ट्झ रेफरन्सचं इनपुट आहे, बाहेरचा चांगला रेफरन्स तिथे दिला तर घड्याळ सरकायचं थांबेल का? आणि टेस्टरवर मुदतीची लायसन्स आहेत. वेळ बदलल्यावर ती अडकणार तर नाहीत ना?

प्रतिसाद १

पिंगवर विसंबू नका. पिंग आयसीएमपीवर चालतं, एनटीपी यूडीपीवर. पिंग गेलं म्हणजे तारेतून वाट आहे एवढंच कळतं. पीसीवर वायरशार्क चालूच आहे तर पोर्ट १२३ चा फिल्टर लावा. टेस्टरकडून विचारणा येते का, पीसी उत्तर देतो का, हे आधी बघा. उत्तर जात असेल तर ते पॅकेट उघडून लीप इंडिकेटर, स्ट्रॅटम (मूळ स्रोतापासून कितवी पायरी), रेफरन्स आयडी (वेळेचा स्रोत) आणि रूट डिस्पर्शन या चार रकान्यांतल्या नोंदी इथे टाका. लीप इंडिकेटर ३ असेल तर सर्व्हर स्वतःच सांगतोय की माझीच वेळ जुळलेली नाही, आणि मग कुठलाही शहाणा क्लायंट ती वेळ घेणार नाही.

शेलमध्ये एनटीपीक्यू -पी (एनटीपीडीची स्थिती दाखवणारी कमांड) चालतं का तेही बघा. पीसीच्या ओळीच्या सुरुवातीला तारा (*, म्हणजे हा सर्व्हर निवडला) आहे की नाही आणि रीचचा आकडा काय, तेवढं सांगा.

१० मेगाहर्ट्झबद्दल: त्याने घड्याळ जुळणार नाही. वाद्यं एका सुरात लावली म्हणून वादक एकाच क्षणी वाजवायला लागत नाहीत. तो रेफरन्स आरएफची वारंवारता अचूक ठेवतो, आज तारीख कोणती आणि किती वाजले हे त्याला ठाऊक नसतं. शिवाय लॉगवरची वेळ बहुतेक वेळा आतल्या कंट्रोलरच्या वेगळ्या क्रिस्टलवर चालते. साधा क्रिस्टल २० पीपीएम (दहा लाखांत २०) चुकला तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आसपास सरकतो, म्हणजे तुम्हाला दिसतंय तसंच. मोजमापासाठी रेफरन्स जरूर द्या, वेळेसाठी एनटीपीच सुधारावं लागेल.

धागाकर्ती

मनापासून आभार. लगेच बघितलं. टेस्टरकडून दर ६४ सेकंदांनी विचारणा येते आणि पीसी प्रत्येक वेळी उत्तर देतो. उत्तरात लीप इंडिकेटर ०, स्ट्रॅटम १, रेफरन्स आयडी एलओसीएल, रूट डिस्पर्शन १० सेकंदांच्या थोडं वर. एनटीपीक्यूमध्ये रीच ३७७ आहे, म्हणजे शेवटच्या आठही विचारणांना उत्तर मिळालेलं. पण ओळीच्या सुरुवातीला तारा नाही, नुसती मोकळी जागा.

उत्तर मिळतंय, स्ट्रॅटमही उत्तम, मग टेस्टर ते नाकारतो का?

प्रतिसाद २

सापडलं. गोम त्या १० सेकंदांत आहे.

रूट डिस्पर्शन म्हणजे 'माझी वेळ मूळ स्रोतापासून फार तर इतकी चुकलेली असू शकते' असं सर्व्हरने स्वतःहून दिलेलं माप. तुमच्या पीसीला वर कोणी स्रोत नाही, तो स्वतःच्याच घड्याळावर चालतोय. एलओसीएल म्हणजे तेच. अशा वेळी विंडोज लोकल क्लॉक डिस्पर्शन नावाच्या सेटिंगमधला आकडा पुढे करतं आणि तो मुळात १० सेकंद असतो. इकडे एनटीपीडी साधारण दीड सेकंदाच्या वर शंका असलेला सर्व्हर निवडतच नाही. क्रोनी (एनटीपीडीसारखाच दुसरा प्रोग्रॅम) असता तर त्याची मर्यादा ३ सेकंद, त्यानेही नाकारला असता. म्हणून रीच ३७७ आणि तारा गायब. खात्री करायची तर एनटीपीक्यूमध्ये त्या जोडणीचे तपशील काढा, फ्लॅशमध्ये (सर्व्हर का नाकारला ते सांगणाऱ्या कोडमध्ये) ४०० आणि 'पीअर डिस्ट' असं दिसेल.

उपाय दोन आहेत. रजिस्ट्रीत टाइम सर्व्हिसच्या कॉन्फिग शाखेत लोकल क्लॉक डिस्पर्शन ० करा आणि सर्व्हिस बंद करून पुन्हा चालू करा. हे पाच मिनिटांचं काम आहे. मात्र त्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या: पीसी आता बिनचूक असल्याचा दावा करतो, प्रत्यक्षात तो तितकाच चुकलेला आहे. तुमचं लॅन तुटलेलं आहे आणि गरज सगळे लॉग एकमेकांशी जुळण्याची आहे, खऱ्या यूटीसीशी (जागतिक प्रमाणवेळेशी) नाही. तेवढ्यासाठी हे चालेल.

मी स्वतः दुसरा मार्ग धरेन. दोन नेटवर्क पोर्टचं एखादं छोटं लिनक्स मशीन घ्या. एक पोर्ट ऑफिसच्या लॅनवर, जिथून आतल्या अधिकृत एनटीपी सर्व्हरकडून वेळ घेता येईल, दुसरा टेस्टच्या लॅनवर. मधे राउटिंग बंद. त्यावर क्रोनी चालवून टेस्टच्या लॅनला 'अलाऊ' द्या आणि वरचा स्रोत तुटला तरी वेळ देत राहावी म्हणून 'लोकल स्ट्रॅटम १०' ठेवा. मग टेस्टर आणि पीसी दोघंही त्याच्याकडेच बघतील. पुढेमागे हेच लॉग दुसऱ्या लॅबच्या लॉगशी ताडायचे झाले तर खरी वेळच लागते.

एक सांभाळा: फरक १००० सेकंदांहून जास्त झालेला असेल तर एनटीपीडी वेळ न सुधारता सरळ बंद पडतं, त्याला -जी पर्याय दिलेला नसेल तर. तसं असल्यास टेस्टरची वेळ आधी हाताने जवळपास आणा.

प्रतिसाद ३

लायसन्सचं मी सांगतो. बरीच लायसन्स सॉफ्टवेअर शेवटची दिसलेली तारीख जपून ठेवतात आणि घड्याळ मागे गेलं की कुलूप घालतात. तुमचं घड्याळ मागे आहे, म्हणजे ते पुढे येणार, त्यामुळे ही भीती नाही. एखादं लायसन्स मात्र खऱ्या तारखेने आधीच संपलेलं नाही ना, तेवढं बघून ठेवा. ज्यांचं घड्याळ पुढे गेलेलं आहे त्यांनी ते मागे घेण्याआधी उत्पादकाच्या सपोर्टला विचारावं.

आणि एक गोष्ट या सेटअपमध्ये हमखास निसटते. टेस्टर हाच मॉडेमचं नेटवर्क आहे, त्यामुळे मॉडेमला वेळही तोच देतो. मॉडेम नेटवर्कला जोडला गेल्यावर, म्हणजे अटॅच झाल्यावर, एलटीईमध्ये ईएमएम इन्फर्मेशन या संदेशातून तारीख, वेळ आणि १५-१५ मिनिटांच्या पटीतलं वेळक्षेत्र जातं. टेस्टरवर त्या जागी हाताने भरलेली जुनी तारीख असेल तर अटॅच होताच मॉडेमचं घड्याळ उडी मारेल आणि टेस्टर जुळवूनही लॉग फाटलेलेच राहतील. तो संदेश बंद करा किंवा 'सिस्टिमची वेळ' घ्यायला लावा. मॉडेमच्या बाजूने एटी कमांड सीटीझेडयू ० करून आपोआप बदल थांबवता येतो. लॉगमधला फरक नेमका अर्ध्या तासाच्या पटीत दिसला तर वेळक्षेत्र तपासा, सगळीकडे यूटीसी ठेवलेलं बरं.

धागाकर्ती

जुळलं! फ्लॅश खरोखरच ४०० होता. तूर्तास डिस्पर्शन ० केलं, सर्व्हिस पुन्हा चालू केली आणि काही विचारणांनंतर ओळीपुढे तारा उमटला. फरक आता मिलीसेकंदाच्या आत राहतोय. टेस्टरवर ईएमएम इन्फर्मेशनमध्ये खरंच ठरावीक तारीख भरलेली होती, ती सिस्टिमच्या वेळेवर आणली. क्रोनीच्या मशीनसाठी मागणी नोंदवली आहे.

आता लॉग सलग वाचता येतो. टेस्टर हँडओव्हरची आज्ञा पाठवतो, मॉडेम ती घेतो आणि टी३०४ टायमर (हँडओव्हर पुरा करण्याची मुदत) सुरू करतो. नव्या सेलमध्ये मॉडेमचा रँडम ॲक्सेस प्रिअँबल (संपर्काचा पहिला सिग्नल) टेस्टरला दिसतच नाही. टायमर संपतो आणि मॉडेम रीएस्टॅब्लिशमेंट (तुटलेली जोडणी पुन्हा उभारणं) मागतो. म्हणजे आज्ञा पोचतेय, अडतंय ते नव्या सेलवर जाताना. तिन्ही लॉग एकत्र करून मॉडेमच्या टीमकडे पाठवले आहेत.

एक शेवटचं: टेस्ट चालू असताना एनटीपीडीने वेळ एकदम पुढेमागे केली तर?

प्रतिसाद २

१२८ मिलीसेकंदांच्या आतला फरक एनटीपीडी हळूहळू भरून काढतं, तेही फार तर ५०० पीपीएमच्या गतीने, त्यामुळे टाइमस्टॅम्प उलटे होत नाहीत. त्याहून मोठा फरक टिकून राहिला तर मात्र एकदम उडी मारतं. टेस्टर रात्री बंद ठेवत असाल तर सकाळी चालू केल्यावर तारा दिसेपर्यंत टेस्ट सुरू करू नका. स्क्रिप्टच्या सुरुवातीला एनटीपीक्यूचं आउटपुट लॉगमध्ये छापून ठेवा, म्हणजे त्या वेळी फरक किती होता हे मॉडेमच्या टीमलाही त्याच फाइलमध्ये दिसेल.