साखरेचा तळ (सगळ्यात कमी आकडा) 104, पण दोन्ही सुयांआधी साडेतीनशे: बोक्याचा डोस वाढवायचा का?

सुईवेळ_सात

बोका, वय 11, वजन 5.6 किलो, मधुमेह कळून दोन महिने. कॅनिन्सुलिन (इन्सुलिन, 40 युनिट प्रति मिली), 2 युनिट, दर 12 तासांनी. कोरडं खाणं दोन वेळा, खाऊन झालं की सुई. मीटर माणसांचा, रक्त कानाच्या कडेचं. रविवारचा कर्व्ह (दिवसभर दर दोन तासांनी मोजलेली रक्तातली साखर), मिग्रॅ प्रति डेसिलिटरमध्ये:

सकाळी 7 – 348 (खाणं, मग सुई)
9 – 221
11 – 104
दुपारी 1 – 131
3 – 246
5 – 327
संध्याकाळी 7 – 361

पाणी अजून खूप पितो, ट्रेमध्ये लघवीचे गोळे मोठे, वजन भरत नाही. सकाळ-संध्याकाळ साडेतीनशेच्या घरात आहे म्हणजे डोस कमी पडतोय असं वाटतं. अडीच करू का? पशुवैद्यांची वेळ गुरुवारची आहे.

दुसरं: मंगळवारी सकाळी सुईआधी 176 आला. सुई दिली नाही, तर संध्याकाळी 420. अशा वेळी काय करायचं असतं?

अर्धा_युनिट

वाढवू नका. या सात आकड्यांत डोस ठरवणारा आकडा एकच, 11 वाजताचा 104. सुईआधीचा आकडा एवढंच सांगतो की आत्ता सुई देणं सुरक्षित आहे की नाही. डोस पुरतोय का, ते तळ सांगतो. तळ साधारण 80 ते 150 मध्ये हवा, तुमचा तिथेच आहे. अडीच दिलंत तर चौथ्या तासाला तो साठीत किंवा त्याच्याही खाली जाऊ शकतो, आणि संध्याकाळचे 361 तरीही तसेच राहतील, कारण सकाळच्या सुईचा अंमल तिथवर पोचतच नाही.

आकडे परत बघा. 9 ते 11 मध्ये 117 ने घसरण, 3 वाजता पुन्हा 246. म्हणजे अंमल जेमतेम आठ तास. कॅनिन्सुलिनसारखं लेंटे जातीचं इन्सुलिन बऱ्याच मांजरांत असंच वागतं: चौथ्या तासाच्या आसपास जोर, मग संपलं. मांजराची मूत्रपिंडं साधारण 270-290 च्या वर साखर लघवीत सोडतात. तुमच्या बोक्याचे दिवसाचे चारेक आणि रात्री असंच असेल तर तेवढेच तास त्या उंबरठ्याच्या वर जातात. साखर जाताना पाणी ओढून नेते, म्हणून गोळे मोठे आणि वजन जागचं हलत नाही.

म्हणून गुरुवारी "डोस वाढवू का" हा प्रश्न नाही, "इन्सुलिन बदलू या का" हा आहे. ग्लार्जिन किंवा प्रोटामाइन झिंक मांजरांत जास्त वेळ टिकतं, तळही इतका टोकदार येत नाही. बदललं तर डोस नव्याने ठरतो, बहुधा मांजरामागे 1 युनिटपासून. आधी 2 होता म्हणून 2, असं धरून चालू नका.

त्याआधी एक काम करा. दोन तासांच्या अंतराने मोजताना खरा तळ निसटू शकतो. 12 वाजता 85 असेल तर तुम्हाला कळलंच नाही. साखर 150 च्या खाली गेली की पुढचं मोजमाप तासातासाने. आणखी दोन दिवस फक्त 10, 11, 12 आणि 1 चे आकडे घ्या, पूर्ण कर्व्हसाठी कान टोचत बसायची गरज नाही. एका दिवसाच्या कर्व्हवर डोस हलवणारे लोक आठवड्याभरात तो परत खाली आणतात.

थेंब_आणि_पट्टी

वरच्याशी सहमत. मीटरबद्दल थोडं.

माणसाच्या रक्तातली बरीचशी साखर तांबड्या पेशींत असते, सुमारे 42 टक्के. मांजरात पेशींत जेमतेम 7 टक्के, बाकी सगळी प्लाझ्मात. माणसांचा मीटर माणसाचंच प्रमाण धरून हिशेब करतो, त्यामुळे मांजरात तो सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. तुमचा 104 खरा थोडा वरचा असेल. वापरायला हरकत नाही, फक्त मीटर मधेच बदलू नका आणि दोन मीटरचे आकडे एका तक्त्यात मिसळू नका. प्राण्यांचा मीटर घेतलात तर सेटिंग मांजराचंच आहे ना ते बघा, कुत्र्याचं राहून जातं. मांजराला रक्तक्षय असेल तर मीटर उलट जास्त दाखवतो, ही दिशा धोक्याची.

शिवाय माणसांच्या मीटरला मानकाप्रमाणे 100 च्या वर 15 टक्के आणि खाली 15 मिग्रॅ इतकी चूक चालते. म्हणजे 104 आणि 116 हा एकच आकडा समजा.

थेंब नीट येत नसेल तर: कोमट पाण्यातून पिळलेला रुमाल कानाला 30 सेकंद, मग कान पूर्ण कोरडा, कारण पाण्याने रक्त पातळ होऊन आकडा खाली येतो. कडेला व्हॅसलीनचं अगदी पातळ बोट, म्हणजे थेंब केसांत न पसरता गोल उभा राहतो. टोचायचं शिरेवर नाही, शीर आणि कानाची कड यांच्या मधल्या पट्टीत. मागे कापसाची घडी धरा, नाहीतर सुई आरपार तुमच्या बोटात. नंतर अर्धा मिनिट दाबून धरलं की काळंनिळं पडत नाही.

सुईवेळ_सात

धन्यवाद. 12 वाजताचा आकडा खरंच घेतला नव्हता. ग्लार्जिनवर गेलो तर घरातल्या सिरिंज चालतील का? आणि 176 चं राहिलं.

अर्धा_युनिट

नाही चालणार, आणि नेमकी इथेच मोठी चूक होते. तुमच्या सिरिंज 40 च्या (40 युनिट प्रति मिलीच्या इन्सुलिनसाठी) आहेत, त्यावरची एक रेघ म्हणजे 0.025 मिली. ग्लार्जिन 100 युनिट प्रति मिली असतं. 40 च्या सिरिंजने 1 च्या रेघेपर्यंत भरलंत तर बोक्याच्या अंगात अडीच युनिट जातील. उलट कॅनिन्सुलिन 100 च्या सिरिंजमध्ये 2 पर्यंत भरलं तर जातं फक्त 0.8. टोपी बहुतेक वेळा 40 ला लाल आणि 100 ला नारिंगी असते, पण नळीवर छापलेला आकडा वाचूनच भरा. 100 ची 0.3 मिलीची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली घ्या. इन्सुलिन बदललं त्याच दिवशी जुन्या सिरिंजचा डबा घरातून हलवा.

बाटली हाताळण्यातही फरक आहे. कॅनिन्सुलिन हलवून एकसारखं दुधाळ करायचं आणि फेस बसू द्यायचा. ग्लार्जिन हलवायचंच नाही, ते पारदर्शक असतं. गढूळ दिसलं तर टाकून द्या.

176 बद्दल: आकडा बघून लगेच खाणं देऊ नका. 20-30 मिनिटं थांबून पुन्हा मोजा. चढत असेल आणि 200 च्या वर गेला तर खाणं आणि नेहमीचा डोस. नाहीतर अर्धा डोस, खाणं नीट खाल्लं असेल तरच.

दुपारचा_तळ

अर्ध्या डोसबद्दल माझं मत वेगळं. हा बोका लेंटेवर आहे, तळ चौथ्या तासाला आणि घसरण तीव्र. रविवारी 348 वरून 104, म्हणजे 244 ची घसरण. अर्ध्या डोसने त्याच्या अर्धी जरी झाली तरी 176 वरून पन्नाशीत. दुपारभर घरी बसून दर तासाला मोजणार असाल तर अर्धा द्या, नाहीतर तुम्ही केलंत तेच बरोबर: सुई टाळा. संध्याकाळचे 420 दिसायला वाईट, पण एका चुकलेल्या सुईने मांजर दगावत नाही, साखर खूप उतरली तर दगावू शकतं. राहिलेला डोस पुढच्यात मिसळायचा मात्र कधीच नाही.

176 का आला तेही शोधा. आदल्या रात्री खाणं अर्धं टाकलं होतं का, उलटी झाली का, सुईची जागा बदलली का? मानेच्या सैल कातडीत दिलेलं कधी शोषलं जातं, कधी नाही. बरगड्यांच्या बाजूला किंवा कुशीत, रोज बाजू बदलून द्या. असे खालचे आकडे वरचेवर यायला लागले तर गरज कमी होतेय. मांजरांत मधुमेह माघार घेऊ शकतो, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत.

खाण्याचंही आताच सांगतो. कोरड्यात पिष्ट जास्त असतं. कमी पिष्टाचं ओलं खाणं फायद्याचं, पण तो बदल आणि इन्सुलिनचा बदल एकाच आठवड्यात करू नका. नुसतं खाणं बदलूनही साखर इतकी उतरते की जुना डोस भारी पडतो.

60 च्या खाली, पण मांजर ठीक दिसतंय: लगेच खायला द्या, 15-20 मिनिटांनी पुन्हा मोजा. लडखडतंय, थरथरतंय, नजर हरवलीय: मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका, आणि थेट दवाखाना. आकडा बघायला थांबू नका.

थेंब_आणि_पट्टी

गुरुवारी सतत साखर मोजणाऱ्या सेन्सरबद्दलही विचारा. खांद्याजवळ केस काढून लावतात, 14 दिवसांचा असतो, मांजरावर बऱ्याचदा आधीच निघून येतो. रात्रीचा तळ त्यातच सापडतो. मात्र तो ऊतींतल्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे झपाट्याने उतरताना रक्ताच्या मागे असतो. सेन्सरने 70 च्या खाली दाखवलं की कानाचा थेंब घेऊन खात्री करा.

सुईवेळ_सात

दुपारी 12 चा घेतला: 88. डोस 2 वरच ठेवलाय, पशुवैद्यांना फोन करून आकडे कळवले. शेवटचा प्रश्न: काल सुई दिल्यावर केस ओले लागले, किती आत गेलं माहीत नाही.

दुपारचा_तळ

पुन्हा देऊ नका, अंदाजाने अर्धासुद्धा नाही. ती वेळ गेली असं समजा, पुढची सुई ठरल्या वेळी. तक्त्यात त्या दिवसासमोर "ओले केस" एवढं लिहून ठेवा, म्हणजे त्या 12 तासांचे आकडे गुरुवारी कोणी हिशेबात धरणार नाही.