मदत हवी आहे: मॉन्ट्रियलच्या हिवाळ्यासाठी वापरलेले टायर घ्यावेत का?

पुण्याहून मॉन्ट्रियलला आल्यानंतरचा हा माझा पहिलाच हिवाळा असून, येथील क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर सक्तीचे असल्यामुळे माझ्या जुन्या कोरोलासाठी ते आताच घ्यावे लागणार आहेत. थंडीत साध्या टायरचे रबर कडक होऊन पकड सुटते, हे वाचले होते; परवा पहाटे उतारावर ब्रेक दाबूनही गाडी हातभर पुढे सरकली, तेव्हा ते पटले. एक दुकानदार वापरलेला संच निम्म्या किमतीत देत आहे. त्यावर हिवाळी टायर असल्याचे दाखवणारे डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह आहे, परंतु खाचांची खोली जेमतेम ५ मिलिमीटर भरते. असा संच घ्यावा की नवाच, आणि बर्फावर पकडीसाठी धातूचे खिळे बसवलेल्या टायरचा शहरात उपयोग होतो की नुसताच खडखडाट, हे येथे काही हिवाळे गाडी चालवलेल्यांनी कृपया स्वानुभवावरून सांगावे.