कुत्र्याचा विमा: काढावा, की तेवढेच पैसे बाजूला टाकावेत?

लॅबवाली_कोथरूड

आमची बर्फी. वय चौदा महिने, जात लॅब्राडोर, वजन २८ किलो, व्यवसाय मोजे गिळणे. मागच्या महिन्यात नवऱ्याचा एक मोजा तिच्या पोटात गेला. एक्स-रे, सोनोग्राफी, दोन दिवस सलाइन, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे मोजा राजमार्गाने बाहेर आला. बिल ११,४०० रुपये. पोट उघडावं लागलं असतं तर पंचेचाळीस ते पन्नास हजार धरून चला, असं डॉक्टर म्हणाले होते.

तेव्हापासून डोक्यात विम्याचं घोळतंय. एका कंपनीने ५० हजारांच्या कव्हरला करासकट वर्षाला ६,२०० रुपये सांगितलेत. सासरे म्हणतात, "माणसांचे हप्ते भरताना नाकी नऊ येतात, त्यात आता कुत्र्याची पॉलिसी!" नवरा म्हणतो घेऊन टाक. मी मधे लोंबकळतेय. ज्यांनी विमा घेतलाय आणि ज्यांनी मुद्दाम घेतला नाही, अशा दोघांचंही ऐकायचंय. "कुत्रं पाळायचंच कशाला" वाल्यांनी कृपया दुसरा धागा काढावा.

जमाखर्च

घेऊ नका. भावना बाजूला ठेवून हिशोब बघा. वर्षाला ६,२०० म्हणजे दहा वर्षांत ६२ हजार, तेही हप्ता एक रुपयाने वाढणार नाही असं धरून. तो वाढणारच. दर महिन्याला पाचशे रुपयांची आरडी लावा, व्याज न धरताही आठ-नऊ वर्षांत कव्हरएवढे पैसे तुमच्या नावावर जमतात आणि ते कशावर खर्च करायचे हे तुम्ही ठरवता, कंपनी नाही.

विमा काढायचा तो आपल्याला बुडवेल अशा नुकसानीचा. घर जळलं, कमावता माणूस गेला, बायपास करावी लागली. ५० हजारांनी तुम्ही बुडणार नाही, फार तर यंदाची सहल रद्द होईल. आणि ज्या खर्चाने खरंच कंबरडं मोडतं, म्हणजे म्हातारपणीची किडनी, कर्करोग, वर्षानुवर्षांची औषधं, तिथे हे कव्हर पहिल्या दोन महिन्यांत संपतं किंवा वयामुळे पॉलिसीच बंद झालेली असते. जे आपल्याला झेपतं त्याचा विमा मिळतो, जे झेपत नाही त्याचा मिळत नाही.

शिवाय आरोग्य विम्याच्या हप्त्याला आयकरात मिळते ती वजावट इथे नाही. त्यात स्वतः, जोडीदार, मुलं आणि आईवडील बसतात. बर्फी कितीही गुणाची असली तरी बसत नाही.

उगाचच

आमच्या मेडिक्लेममधून मुलगा पंचवीस पूर्ण झाल्यावर बाहेर पडला. कुत्रा मात्र आजही पूर्णपणे माझ्यावर अवलंबून आहे. तरी अवलंबितांच्या यादीत तो चालत नाही म्हणे.

काळूची_आई

जमाखर्चकाका, तुमची आरडी कागदावर फार छान दिसते. आमचीही होती, पासबुकावर पेन्सिलीने "कुत्रा" लिहिलेली. दिवाळीच्या तोंडावर फ्रीजचा कॉम्प्रेसर गेला आणि कुत्र्याचे पैसे फ्रीजमध्ये गेले. पुढच्या जूनमध्ये काळू, आमचा साधा गावठी, रस्त्यावरून उचललेला अडीच महिन्यांचा जीव, रक्ताची हगवण करायला लागला. पार्व्हो, पिल्लांचा जीवघेणा विषाणूरोग. रात्री पावणेबारा, धो धो पाऊस, दवाखान्यात आधी दहा हजार भरा म्हणाले. बहिणीला झोपेतून उठवून पैसे मागितले. सहा दिवसांत २३ हजार गेले. वाचला.

पण त्या सहा दिवसांत रोज संध्याकाळी नवरा आणि मी स्वयंपाकघरात उभं राहून "अजून किती दिवस करायचं" हे बोलत होतो, ते मला अजून आठवतं. जिवंत कुत्र्याबद्दल बोलत होतो आम्ही. हप्ता भरते मी आता. ते बोलणं परत करायला लागू नये म्हणून भरते.

शिरवळचा_माजी

पशुवैद्य आहे, शिरवळला शिकलो, आता छोटी जनावरंच बघतो. विमा विकत नाही आणि घेणाऱ्यांवर रागही नाही. पण काळूच्या आईंना एक कडू गोष्ट सांगायला हवी: विमा असता तरी त्या २३ हजारांतला रुपयाही बहुधा मिळाला नसता. बऱ्याच पॉलिसी पिल्लू तीन महिन्यांचं झाल्याशिवाय घेतच नाहीत. आणि पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो यांसारख्या लस असलेल्या रोगांचा दावा लसीकरण वेळेवर झालेलं असेल तरच उभा राहतो. तुमच्याकडे तो पावसात सापडलेला. लस कोण टोचणार होतं?

आता लॅबवालीताईंसाठी, माझ्या टेबलावर काय येतं त्यावरून सांगतो.

गोचीड ताप. आपल्याकडे लॅब असो, पामेरियन असो की गावठी, एर्लिकिया आणि बॅबेसिया हे त्याचे जंतू कुणालाच सोडत नाहीत. तपासण्या, औषधं, कधी रक्त चढवणं. इथे विम्याचा उपयोग होतो. मात्र एकदा झाला की दुसरी कंपनी त्याला "आधीपासूनचा आजार" म्हणते. म्हणजे पहिल्या दाव्यानंतर कंपनी बदलणं अवघड होऊन बसतं.

खुब्याचा सांधा. लॅब आणि जर्मन शेफर्डमध्ये हिप डिस्प्लेशिया नेहमीचा. आनुवंशिक म्हणून बऱ्याच पॉलिसींत वगळलेला असतो. आधी ते पान वाचा, रंगीत माहितीपत्रक नंतर.

गर्भाशयात पू होणं. नसबंदी न केलेल्या मादीला सहा-सात वर्षांनंतर पायोमेट्राची भीती राहतेच, आणि मध्यरात्री येणाऱ्या केसेसमध्ये ही हमखास. नसबंदीचा खर्च विमा देत नाही, कारण ती ठरवून केलेली शस्त्रक्रिया. पण नसबंदी केली की हा आजार यायला जागाच उरत नाही. ६,२०० मधला पहिला वापर मी तिथे करेन. बर्फीची झालीय का?

दात, नखं, लसी, जंताची औषधं हे सगळं सहसा तुमच्याच खिशातून.

लॅबवाली_कोथरूड

नाही झाली अजून. सासूबाईंना एकदा तरी पिल्लं बघायची आहेत.

शिरवळचा_माजी

सासूबाईंना माझ्या दवाखान्यात एक दिवस बसवा.

साखरझोप

विमा घेऊन हात पोळलेला मी. गोल्डन रिट्रिव्हर, पाच वर्षांचा, गुडघ्याचा लिगामेंट तुटला. शस्त्रक्रियेचं बिल एक लाखाच्या वर. पॉलिसी तीन वर्षं सलग, एकही दावा नाही. दावा नाकारला. कारण? पॉलिसी काढण्याच्या दोन महिने आधी लसीला नेलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी केसपेपरवर सहज लिहिलं होतं की "मालकाच्या म्हणण्याप्रमाणे कधीमधी लंगडतो". ते मीच बोललो होतो. उन्हाळ्यात पायाला चटका बसला होता त्याबद्दल. त्या एका ओळीवर एक लाख गेले.

कंपनीच्या तक्रार विभागात झालं. आता विमा लोकपालाकडे अर्ज केलाय. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बघू. पण चार महिने झाले, कुत्रा धावायलाही लागला आणि मी अजून झेरॉक्सच काढतोय.

जमाखर्च

माझं म्हणणं साखरझोपनीच सिद्ध केलं. आरडीला केसपेपर लागत नाही.

उपचार स्वस्तात हवे असतील तर सोयी आहेत की. पुण्यात औंधला सरकारी पशु सर्वचिकित्सालय आहे. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे, आणि २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं मोठं रुग्णालय सुरू झालं. आधी तिकडे जा.

काळूची_आई

जाते की. लसीला औंधलाच जाते, कोंढव्याहून, रिक्षावाला कुत्रं बघून पळाला नाही तर. पण रक्ताची उलटी करणारं पिल्लू मांडीवर घेऊन माणूस जो दवाखाना उघडा दिसेल तिथे शिरतो. तेव्हा दरपत्रक बघत नाही, काका.

बिल्लेवाला

आमच्याकडं फलटण भागात विमा म्हटलं की गाय. गाईच्या कानात बिल्ला ठोकतात, फोटो काढतात, अन् गाय मेली की बिल्ल्यासकट दाखवायची. बिल्ला नाय तर पैसे नाय, हे शेंबडं पोरगंबी सांगल. आमची एक जर्सी उसात गेली अन् बिल्ला पाचटात हरवला. दीड दिवस आम्ही चौघं गाईचा नाय, बिल्ल्याचा शोध घेत होतो. घावला, अन् पैसे मिळाले. त्यामुळं विम्याला मी नावं ठेवणार नाय. हप्त्यात सरकारचा मोठा वाटा असतो, आपल्याला थोडंच भरावं लागतं, ही गोष्ट वेगळी.

पण ताई, एक बघून घ्या. गाईचा विमा ती मेल्यावर तिची बाजारातली किंमत देतो, दवाखान्याचं बिल देत नाय. कुत्र्याच्या काही जुन्या पॉलिसीबी तसल्याच हायेत, मेलं तर किंमत. त्या हप्त्याला स्वस्त दिसत्यात. तुमच्या लॅबची किंमत तरी लावतील. काळूची काय लावणार? अन् कुत्रं गेल्यावर पैसे घेऊन करायचं काय? उपचाराचा खर्च देणारी हाय का मेल्यावर पैसे देणारी हाय, एवढं पहिलं विचारा.

शिरवळचा_माजी

बिल्लेवाल्यांनी नेमकं बोट ठेवलं. आणि ओळखीचा प्रश्न कुत्र्यातही तोच. काही कंपन्या मायक्रोचिप मागतात, काही फोटोंवर भागवतात. काळ्या लॅबचे फोटो काढून बघा, सगळे एकाच कुत्र्याचे वाटतात.

आमच्या बाजूची चूकही कबूल करतो. आम्ही चिठ्ठीवर "डॉग, १, मेल" लिहून इंजेक्शन टोचतो. दाव्याला कुत्र्याचं नाव, वय, जात, निदान, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि औषधांची सुटी बिलं लागतात. बर्फीची फाइल आजपासून करा, विमा घ्या वा न घ्या.

थेम्सकाठचा

मूळचा सांगलीचा, वीस वर्षं इंग्लंडात. इथे कुत्रं घरी यायच्या आधी पॉलिसी येते. आमचा कॉकर स्पॅनियल, "लाइफटाइम" कव्हर, म्हणजे एकदा लागलेल्या आजाराचे पैसे दर वर्षी मिळत राहतात. सुरुवातीला महिन्याला ३२ पौंड भरायचो. आता तो दहाचा आहे, ९१ भरतोय, वर बिलातले २० टक्के माझे, कारण ठरावीक वयानंतर को-पे लागतो. सोडताही येत नाही. त्याला कानाचा जुना त्रास आहे, नवी कंपनी तो धरणार नाही. एकदा आत शिरलात की दार बाहेरून बंद.

पण गुडघ्याचे ५,२०० पौंड निघाले तेव्हा कंपनीने विनातक्रार दिले. ते खिशातून भरायची वेळ आली असती तर काय केलं असतं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

जमाखर्च

आणि तिकडे गुडघ्याला ५,२०० पौंड का लागतात? विमा भरतोय म्हटल्यावर डॉक्टरही बिल मोकळ्या हाताने करतात. माणसांच्या इस्पितळात पहिला प्रश्न "कॅशलेस आहे का" असतो आणि मग खोलीचा दर ठरतो, हे आपण बघतोच. तेच इथे आणायचंय का?

थेम्सकाठचा

पूर्ण खोटं नाही. पशुवैद्यकीय सेवांच्या दरांची इथल्या स्पर्धा आयोगाने २०२४ मध्ये रीतसर चौकशीच सुरू केली. पण साखळी कंपन्यांनी गल्लीतले दवाखाने विकत घेतले, हे त्यात मोठं कारण. एकट्या विम्यावर खापर नको.

सोसायटी_सचिव

सगळे कुत्र्याच्या पोटात आणि गुडघ्यात अडकलेत. मी दुसऱ्या टोकाकडून सांगतो. आमच्या सोसायटीत एक गोड, कुणालाही न चावणारा लॅब पट्टा सुटून पळाला, प्रेमानेच पळाला, आणि स्कूटरवरून पार्सल घेऊन येणारा मुलगा पडला. मनगट मोडलं, प्लेट टाकली. वर त्याचे दीड महिन्याचे बुडालेले पैसे. मालकाने सगळं मिळून ७० हजारांच्या वर दिले. पोलिसांत गेलं नाही हे नशीब. जनावराबाबत निष्काळजीपणाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे.

माझं मत: तुमच्या कुत्र्याला काय होईल यापेक्षा तुमचं कुत्रं दुसऱ्याचं काय करेल, याचा विमा घ्या. तृतीय पक्ष दायित्व म्हणून कलम असतं. कुत्र्याच्या आजारपणात शेवटी "आता पुरे" म्हणायचा अधिकार तुमच्याकडे राहतो. समोरच्याचं मोडलेलं मनगट "पुरे" म्हणत नाही.

काळूची_आई

पट्टा नीट धरला तर त्या कलमाची गरज नाही.

सोसायटी_सचिव

ताई, पट्टा धरलाच होता. धरणाऱ्या आजी बहात्तर वर्षांच्या होत्या.

जमाखर्च

हा मुद्दा मान्य. इथे नुकसानीला वरची मर्यादा नाही, म्हणून विमा शोभतो. पण नुसतं तेवढंच कलम विकत मिळतं का?

लॅबवाली_कोथरूड

नाही मिळत, आज फोन करून विचारलं. मूळ पॉलिसी घ्यावी लागते, मग वर ६५० रुपयांत ते जोडता येतं. पण ३० हजारांचं छोटं कव्हर आहे, ते आणि दायित्व मिळून ४,१०० होतात. उरलेले दोन हजार आरडीत टाकायचे असं नवऱ्याशी ठरतंय. नसबंदीची तारीख घेतली, सासूबाईंनी अबोला धरलाय.

एक शंका. डॉक्टर, केसपेपरवर "मोजा गिळला" असं लिहिलंय. उद्या दुसरा मोजा गिळला तर तो आधीपासूनचा आजार धरतील का?

शिरवळचा_माजी

आतड्याला इजा राहिलेली नसेल तर वैद्यकीयदृष्ट्या दोन मोजे म्हणजे दोन वेगळ्या घटना. कंपनीला मात्र "सवय" हा शब्द कुठे सापडायला नको. प्रस्ताव अर्जात पहिला मोजा लपवू नका. "एकदा झालं, पूर्ण बरी, आता तक्रार नाही" असं माझ्यासारख्या कुणाकडून लिहून घ्या आणि अर्जाला जोडा. साखरझोपचं त्या एका ओळीने केलं ते तुमचं होणार नाही.

जमाखर्च

३० हजारांना ३,४५० म्हणजे साडेअकरा टक्के दर. ५० हजारांना ६,२०० पेक्षा थोडा बरा, पण मला अजूनही पटलेलं नाही. दायित्वाच्या ६५० पुरता मी गप्प बसतो.

उगाचच

सगळ्यांना राम राम. एकच विचारायचं राहिलं. त्या जोडीतला दुसरा मोजा कुठेय?

लॅबवाली_कोथरूड

शोधतोय.