डिस्टोपियाला आपल्या भाषेत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी, डिस्टोपिया, म्हणजे कल्पनेतलं वाईट जग, हा एक शब्द चार दिवसांपासून डोक्यात अडकलाय म्हणून विचारून राहिली. जरा लांबण लागेल.

माझी मावसबहीण नागपूरला शिकते, तिनं एक इंग्रजी कादंबरी दिली, 'ज्युलिया', सँड्रा न्यूमन या अमेरिकन लेखिकेची, २०२३ ची. काहीच माहीत नसताना उघडली आणि थोड्याच पानांत लक्षात आलं की अरे हे तर ऑर्वेलचं '१९८४' आहे, कॉलेजात वाचलेलं! जग तेच, माणसावर नजर ठेवणारा भिंतीवरचा पडदा तोच, पण गोष्ट मूळचा नायक विन्स्टनची नाही, त्याच्या प्रेयसीची, ज्युलियाची. मूळ पुस्तकात (ते १९४९ चं) विन्स्टन तिला बंदी असलेलं पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवतो आणि ती झोपून जाते. मला तेव्हाही ते खटकलं होतं, कारण जी पोरगी कादंबऱ्या लिहिणाऱ्या मशीनवर पाना घेऊन काम करते, भर ऑफिसात जीव धोक्यात घालून त्याच्या हातात चिठ्ठी सरकवते, तिच्या मनात काय चाललं होतं हे कोणी विचारतच नाही. न्यूमनबाईंनी ते विचारलं. मी दोन रात्री जागून वाचली.

तर बाबांनी विचारलं, "काय वाचून राह्यली वो एवढं?" मी म्हटलं डिस्टोपियन कादंबरी, आणि अडकले. मराठीत काय सांगू?

शब्दाची फोड सोपी आहे. ग्रीकमधे 'टोपोस' म्हणजे जागा. थॉमस मोर या इंग्रज लेखकानं १५१६ मधे 'युटोपिया' हा शब्द केला, कुठेच नसलेली जागा, आणि त्यातच चांगली जागा असाही खेळ आहे. त्याच्या उलट वाईट जागा हा अर्थ घेऊन जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंतानं १८६८ मधे ब्रिटिश पार्लमेंटात आयर्लंडवर बोलताना सरकारवाल्यांना डिस्टोपियन म्हटलं. युटोपियाला आपल्याकडे रामराज्य चालून जातं, मग याला?

बाबा म्हणाले, "मंग मोगलाई म्हन ना." आमच्या यवतमाळ भागात हा शब्द अजून रोजचा आहे, निजामाचा मुलूख म्हणजे मोगलाई, आणि वऱ्हाड १८५३ पर्यंत त्यातच होतं. पण विचार केला तर मोगलाई, बेबंदशाही, अंधेर नगरी, हे सगळे शब्द कासरा ढिला सुटल्याचे आहेत. कोणी विचारणारं नाही, ज्याला जे वाटेल ते. ज्युलियाच्या जगात तर उलटं आहे, तिथे विचारणारे इतके की झोपेत बडबडलं तरी माणूस धरतात. झोटिंगशाही जरा जवळ येतो, पण त्यातही एका दांडगटाची मनमानी दिसते, घराघरात घुसलेली व्यवस्था दिसत नाही. दुःस्वप्न म्हणावं तर ते सकाळी संपतं.

दुसऱ्या दिवशी पऱ्हाटीत (कपाशीत) डवरणी (कोळपणी) चालू होती. बैलांच्या तोंडाला सुतळीचं मुस्कं, दोन्ही बाजूंनी हिरवंगार पीक पोटाला घासून राहिलं, आणि बैल मान खाली घालून तासातून चालला. मुस्क्याच्या जाळीतून जीभ बाहेर काढली, एका पानाला लागली, पण तोडता येईना. मी धुऱ्यावर (बांधावर) उभी राहून बघतच राहिले. बाबांना म्हटलं, बाबा, त्या पुस्तकात माणसं अशी आहेत. तिथे सरकार दरवर्षी शब्द कमी करतं, 'वाईट' काढून टाकायचा आणि त्याऐवजी 'अचांगलं' म्हणायचं, 'मुक्त' ठेवलाय पण फक्त कुत्रं उवांपासून मुक्त आहे एवढं सांगण्यापुरता. बाबा थांबले, म्हणाले, "म्हंजे मुस्केशाही."

मला तर हा शब्द फार आवडला. 'मुस्केशाहीची कादंबरी' म्हटलं की आमच्या गावात कोणालाही समजावून सांगावं लागणार नाही. फक्त शहरातल्या वाचकाला मुस्कं डोळ्यासमोर येईल का ही शंका आहे.

आणि जुनी गोष्ट दुसऱ्या माणसाच्या बाजूनं सांगणं, त्याला पुनर्कथन म्हणतात, पण त्यात तीच गोष्ट परत सांगितली एवढंच येतं. राळेगाव तालुक्यात रावेरीला सीतेचं मंदिर आहे, तिथे राम नाही. सांगतात की बाळंतीण सीतेनं गावात पसाभर गहू मागितले, कोणी दिले नाही, तिनं शाप दिला आणि गावात गहू पिकेनासा झाला. रामायणच, पण चुलीपाशी बसलेल्या बाईचं. ज्युलिया वाचताना मला सारखं रावेरी आठवत होतं. अशा लिखाणाला मी तरी 'कूस पालटलेली गोष्ट' म्हणेन.

तुमच्या भागात मुस्क्याला काय म्हणतात? पश्चिमेकडे मुंगसं की मुसकं? मराठवाड्यातल्यांनी पण सांगा. आणि मुस्केशाहीपेक्षा नेमका शब्द कोणाकडे असेल तर वाक्यात वापरून दाखवा, नुसता लिहू नका.